मधला माणूस

कॅथलिक माणसाला आयुष्यभर काही ठरलेले प्रश्न विचारले जातात. तुम्ही मारियेची पूजा का करता? चर्चमध्ये पुतळे कशाला? पाप झालं तर सरळ देवाला सांगायचं सोडून फादरच्या कानात का सांगता? मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करून काय उपयोग? आणि शेवटी हुकमाचा एक्का: हे सगळं बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा!

विचारणारे बहुतेक वेळा प्रोटेस्टंट असतात. माझ्या हिंदू मित्रांना याची फार गंमत वाटते, कारण त्यांच्या लेखी 'ख्रिश्चन' हा एकच गठ्ठा. नाताळ जवळ आला की ऑफिसात केक माझ्याकडे मागतात आणि नगरकडच्या एका सहकाऱ्याकडेही. आम्ही दोघं रविवारी एकाच चर्चला जात असणार असं सगळ्यांनी धरूनच चाललंय. प्रत्यक्षात त्याच्यात आणि माझ्यात पाचशे वर्षांचं भांडण आहे :)

तर थोडी ओळख. मी वसईचा, पिढीजात कॅथलिक, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. वसईत आमचा धर्म पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आला. नगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ साली, तिथले ख्रिस्ती बहुतांशी प्रोटेस्टंट. आणि आता तिसरा गट आहे, ज्यांना वसई-वांद्रे-गोव्याकडे 'बिलिव्हर्स' म्हणतात. यात जन्माने कॅथलिक असलेली, माझ्याच वयाची बरीच मंडळी आहेत. त्यामुळे हे प्रश्न आता पुस्तकातले राहिलेले नाहीत, जेवणाच्या टेबलावर आलेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या प्रश्नांना कॅथलिकांकडे उत्तरं आहेत आणि ती चांगली आहेत. पण आम्ही ती सुटी सुटी देतो, या आक्षेपाला हे वचन, त्या आक्षेपाला ते. मला वाटतं सगळ्या आक्षेपांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: देव आणि मी, यांच्यात मधला माणूस हवा कशाला? त्याला नीट उत्तर दिलं तर बाकीची आपोआप जुळतात. आणि त्या प्रश्नामागचं दुखणं कबूल केलं नाही तर वचनांचा ढीग ओतूनही समोरचा ऐकणार नाही.

आता हे दुखणं बघू. ते सगळ्यात धारदारपणे ज्यांनी मांडलं त्या आपल्याच, पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन चर्चमध्ये. म्हणजे रोमपासून वेगळं झालेलं, पण बिशप आणि धर्मगुरू शाबूत ठेवलेलं चर्च. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा झगडा पानोपानी दिसतो. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं: एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून मी नुकतीच सुटलेय, आता दुसऱ्याच्या तावडीत जायला मी तयार नाही. सदसद्विवेकबुद्धी देवाने मला दिलीय, ती वापरणार.

मराठी माणसाला हा सूर नवा नाही. जोतिरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तेव्हा निर्मिक आणि माणूस यांच्यात भटजी नको, हा त्याचा पायाच होता. त्यामुळे आपल्याकडचा कुठलाही सुशिक्षित तरुण, हिंदू असो की ख्रिस्ती, 'मध्ये फादर कशाला' या प्रश्नावर मनातल्या मनात प्रोटेस्टंटांच्या बाजूने टाळी वाजवतो. तो वाजवतो यात त्याचं काही चुकत नाही.

शिवाय चर्चने ही टाळी स्वतः कमावलीय. १५१७ साली योहान टेट्झेल जर्मनीत फिरून 'इंडल्जन्स' देत होता. पापाची क्षमा झाल्यावरही जी शिक्षा भोगायची उरते, ती चर्चच्या अधिकाराने माफ करणं म्हणजे इंडल्जन्स. पैसे द्या आणि तुमच्या गेलेल्या आप्ताची सुटका करा असा मामला. त्यातला पैसा रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या बांधकामाला जायचा आणि काही भाग माइन्झच्या आर्चबिशपचं कर्ज फेडायला. मार्टिन ल्यूथर भडकला तो यावर. पुढे खुद्द चर्चलाही ही दुकानदारी बंद करावी लागली. ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) इंडल्जन्सपायी पैसे गोळा करत फिरणाऱ्यांचं पदच मोडीत काढलं आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेले सगळे इंडल्जन्स रद्द केले. म्हणजे ल्यूथरने दाखवलेला बग खरा होता. त्यासाठी सगळी सिस्टीमच फेकून द्यायला हवी होती का, हा वादाचा मुद्दा.

इथे कॅथलिक काय म्हणतो? तो म्हणतो, मधला माणूस ही आमची नंतरची भर नाही, ख्रिस्ती धर्माची सुरुवातच तिथून आहे. देवाला माणसाशी थेट बोलायचं होतं तर आकाशवाणी पुरली असती. पण तो आला एका बाईच्या पोटी, एका गावात, सुताराच्या घरात. आंधळ्याला बरं करताना त्याने थुंकीने माती भिजवून त्याच्या डोळ्यांना लावली. शब्दाने काम झालं असतं, तरी मातीच घेतली. आणि जाताना मागे काय ठेवलं? येशूने स्वतः एक ओळ लिहून ठेवल्याची नोंद नाही. त्याने माणसं ठेवली. बारा. त्यातला एक आधीच फितूर झाला होता आणि पुढाऱ्याने तीनदा ओळख नाकारली होती. देवाची ही पद्धत मला स्वतःला फारशी कार्यक्षम वाटत नाही, पण ती त्याची आहे.

हे एकदा लक्षात घेतलं की बायबलचा प्रश्न वेगळा दिसायला लागतो. 'फक्त बायबलमध्ये असेल तेच खरं' हे तत्त्व ऐकायला चोख आहे. पण बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची याची यादी बायबलमध्ये नाही! नव्या कराराची आज सगळे मानतात ती २७ पुस्तकं तशीच्या तशी यादीत आपल्याला दिसतात ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात. त्यानंतर उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या परिषदांनी यादी ठरवली. म्हणजे येशूनंतरची तीनशेहून जास्त वर्षं चर्च होतं, बाप्तिस्मे होत होते, मिस्सा होत होत्या, लोक श्रद्धेपायी जीव देत होते, आणि आजच्यासारखं एका बांधणीतलं, सगळ्यांना मान्य असलेलं बायबल नव्हतं. पौल थेस्सलनीकाच्या लोकांना लिहितो तेव्हा पत्राने शिकवलेलं धरून ठेवा म्हणतो, तसं तोंडी शिकवलेलंही धरून ठेवा म्हणतो. तीमथ्याला लिहिताना सत्याचा खांब म्हणून तो चर्चचं नाव घेतो.

प्रोटेस्टंट मित्राचं यावर उत्तर असतं की चर्चने पुस्तकं ठरवली नाहीत, फक्त ओळखली. देवाचं वचन आधीच देवाचं वचन होतं. हे उत्तर चांगलं आहे आणि कॅथलिकालाही त्यातला पहिला भाग मान्य आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्टच म्हटलं की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेला आहे. पण ओळखण्यासाठीसुद्धा ओळखणारा लागतोच ना! आमच्या धंद्यात कितीही सुंदर स्पेसिफिकेशन लिहा, दोन टीम ते दोन प्रकारे वाचतात. मग कोणीतरी बसून ठरवावं लागतं. तो ठरवणारा कोणीच नको म्हटलं की प्रत्येक टीम आपापला फोर्क काढते. १५१७ नंतर तेच झालं. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले. दोघांच्या हातात तेच बायबल होतं, आणि भाकरीत येशू खरोखर असतो का, यावर ते एकमत न होताच उठले.

पोपचं पद याच ठिकाणी येतं. 'पोप कधी चुकत नाही असं तुम्ही मानता' हे मी इतक्यांदा ऐकलंय! १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं ते फार मर्यादित आहे. पोप जेव्हा आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, साऱ्या चर्चसाठी, श्रद्धा किंवा नीतीबद्दल अंतिम निर्णय जाहीर करतो, तेव्हा त्या निर्णयात चूक होऊ देणार नाही असा देवाचा शब्द आहे, एवढंच. १८७० नंतर असा निर्णय एकदाच जाहीर झाला, १९५० साली, मारियेला सदेह स्वर्गात घेतलं गेलं या शिकवणुकीबद्दल. पोपचं वागणं, राजकारण, मुलाखती, यातलं काहीच त्यात येत नाही. पहिला पोप आम्ही ज्याला मानतो त्या पेत्राला पौलाने अंत्युखियात तोंडावर सुनावलं, हे खुद्द बायबलमध्येच आहे.

आणि 'कॅथलिकांनी लोकांपासून बायबल लपवून ठेवलं' या आरोपाचं काय? युरोपात काही काळ, काही ठिकाणी लोकभाषेतल्या बायबलवर बंधनं होती हे खरंच आहे. पण आपल्या भाषेपुरतं बोलायचं तर फादर थॉमस स्टीफन्स विसरून कसं चालेल? हा माणूस इंग्रज. प्रोटेस्टंट राणीच्या राज्यात कॅथलिक राहणं धोक्याचं होतं. त्याने देश सोडला, जेझुइट झाला, १५७९ साली गोव्यात पोचला आणि १६१६ साली सुमारे ११ हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं. जुन्या करारापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा, मराठीत, ओवीत. ते बायबलचं भाषांतर नव्हे, पण सामान्य माणसाला बायबल त्याच्या भाषेत मिळावं ही धडपड त्यात आहेच. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची बोली बंद पाडायचा हुकूम काढला. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचकांच्या हाती पडायला २०१० साल उजाडावं लागलं. तोवर मराठीत बायबल पोचवायचं मोठं काम प्रोटेस्टंटांनीच केलं होतं.

त्यात रमाबाई आल्याच. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायाबापड्यांना कळेल असं सबंध बायबल मराठीत आणण्यासाठी अनेक वर्षं खपल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, बायबल पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. आता बघा, ते बायबल उघडून 'मी आणि देव, मध्ये कोणी नाही' असं म्हणणाऱ्याच्या मध्ये कोण आहे? रमाबाई आहेत. खिळे जुळवणाऱ्या मुली आहेत. त्यांच्याआधी चर्मपत्रांच्या नकला करणारे, नावगाव माहीत नसलेले शेकडो लोक आहेत. थेट देवाकडे जाणारी वाटही कोणीतरी बांधलेली असते. मला रमाबाईंना कोंडीत पकडायचं नाहीये. उलट मधला माणूस कसा असावा याचं त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

आता मारिया. कॅथलिक शिकवणुकीत आराधना फक्त देवाची, संतांना सन्मान. मारियेला सगळ्यांत जास्त सन्मान, पण सन्मानच. हा भेद ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेतच स्पष्ट केलेला आहे. जपमाळेतल्या मारियेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातल्या देवदूताच्या आणि अलिशिबेच्या अभिवादनांतून घेतलाय आणि दुसऱ्या भागात तिच्याकडे एकच मागणं आहे: आमच्यासाठी प्रार्थना कर. यावर हमखास येणारं वचन म्हणजे तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त. मान्य. पण त्याच अध्यायाची सुरुवात वाचा. चारच वचनं आधी पौल सांगतोय की सगळ्या माणसांसाठी विनंत्या आणि मध्यस्थी करा! म्हणजे एकमेकांसाठी मागणं हे त्या एका मध्यस्थाच्या आड येत नाही, असं खुद्द पौलच समजतो. माझे बिलिव्हर मित्र आजारपणात एकमेकांना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' असे मेसेज पाठवतातच की. कॅथलिक फक्त एवढंच म्हणतो की मेल्याने माणूस या कुटुंबातून वजा होत नाही. महाराष्ट्रात हे समजावायला फार लागू नये. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शेवटी विठ्ठलाकडेच जातात.

पण मग माउंट मेरीच्या जत्रेत, सप्टेंबरात, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं विकली जातात आणि लोक ती नवस म्हणून वाहतात, त्याचं काय? आराधना आणि सन्मान हा भेद त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात शाबूत असेल अशी खात्री मी देऊ शकत नाही. व्हॅटिकनलाही ही काळजी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या धर्मशिकवण विभागाने एक पत्रक काढून सांगितलं की मारियेला 'सहउद्धारक' म्हणणं योग्य नाही, त्याने ख्रिस्ताचं एकमेव स्थान झाकोळतं. पोप लिओ चौदावे यांनी ते मंजूर केलं. प्रोटेस्टंटांची जुनी धास्ती अगदीच हवेतली नव्हती, हे यातून कळतं.

पुतळ्यांच्या बाबतीत मला एक गोष्ट फार आवडते. सिनायवर देवाने मूर्ती करू नका असं सांगितलं आणि त्याच निर्गम पुस्तकात पुढे कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करुब, म्हणजे पंखवाले देवदूत, घडवायला लावले. रानात साप चावून लोक मरायला लागले तेव्हा मोशेला पितळेचा सर्प करून खांबावर लावायला सांगितलं. त्याकडे बघून लोक वाचले. कॅथलिक माणूस गोष्ट इथे थांबवतो. प्रोटेस्टंट माणूस काही शतकांनी पुढची गोष्ट सांगतो. लोक त्याच सर्पापुढे धूप जाळायला लागले होते, म्हणून हिज्किया राजाने तो फोडून टाकला आणि बायबल त्याला शाबासकी देतं. माझ्या मते पूर्ण गोष्ट सांगावी. वस्तू तीच. देवाकडे बघायला लावते तोवर ठीक, तिच्याच पाशी लोक थांबले की फोडायची वेळ आली. प्रत्येक पिढीत एखादा हिज्किया चर्चला लागतो.

पापनिवेदनाबद्दल, म्हणजे कन्फेशनबद्दल, सगळ्यात जास्त विनोद ऐकावे लागतात. उत्तर योहानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थान झालेला येशू शिष्यांवर फुंकर घालतो आणि लोकांच्या पापांची क्षमा करायचा, किंवा ती रोखून धरायचा, अधिकार त्यांना देतो. ऐकल्याशिवाय कसली क्षमा करायची आणि कसली रोखायची? ल्यूथरनेही खासगी पापनिवेदन मोडीत काढलं नाही. त्याच्या १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरीत ते आहे. आणि व्यवहारातलं सांगायचं तर देवाला मनातल्या मनात सॉरी म्हणणं मला फार सोपं जातं. दुसऱ्या माणसासमोर तेच पाप नाव घेऊन सांगताना घशाला कोरड पडते. आणि 'क्षमा झाली' हे दुसऱ्याच्या आवाजात कानावर पडतं तेव्हा ती मी मनाने रचलेली नसते.

पण इथेच सगळ्यात मोठा आक्षेप उभा राहतो. २००२ साली बोस्टनमधली प्रकरणं वर्तमानपत्राने बाहेर काढली. २०१८ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्युरीचा अहवाल आला: ३०० हून जास्त धर्मगुरू, हजाराहून जास्त मुलं, आणि वर्षानुवर्षं ते झाकून ठेवणारे बिशप. मधला माणूस असा वागला तर काय, याला माझ्याकडे वचन नाही आणि कोणी काढून दाखवू नये. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी चर्चच्या वरिष्ठांना कळवणं धर्मगुरूंवर आणि सिस्टरांवर बंधनकारक केलं. उशिरा केलं. एक गोष्ट मात्र नोंदवतो आणि ती फिट्टंफाट म्हणून नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांकडे पोप नाही, कन्फेशन नाही, ब्रह्मचर्य नाही, तरी २०२२ च्या चौकशी अहवालात तिथेही तक्रारी दाबून पीडितांनाच वाऱ्यावर सोडल्याचं निघालं. तेव्हा मधला माणूस काढून टाकला की रोग जातो असं दिसत नाही. तो ज्याला जाब देतो अशी यंत्रणा लागते. रमाबाईंचा संशय अशा यंत्रणेत कायम बसवून ठेवायला हवा.

श्रद्धा की कर्म, या वादात तर दोन्ही बाजू बऱ्याचदा जुन्याच भांडणात अडकलेल्या असतात. 'कॅथलिक म्हणतात पुण्य करून स्वर्ग कमवायचा' हे चूक आहे. देवाच्या कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याला ट्रेंटने १५४७ साली धिक्कारलं, आणि तेही या विषयावरच्या पहिल्याच कलमात. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: आपण वाचतो ते कृपेने, आणि त्या कृपेतूनच सत्कर्मं येतात. पुढे मेथडिस्ट (२००६) आणि रिफॉर्म्ड चर्चेसही (२०१७) त्यात आले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण ज्या मुद्द्यावर युरोप फाटला तो मुद्दा बराचसा शिवला गेलाय. आपल्याकडे चर्चबाहेर पत्रकं वाटणाऱ्यांनी आणि त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्यांनीही तो जाहीरनामा एकदा वाचावा असं वाटतं.

आता शेवटचा प्रश्न, मेलेल्यांचा. २ नोव्हेंबरला वसईतली दफनभूमी बघण्यासारखी असते. कबरी धुतलेल्या, त्यावर फुलं, मेणबत्त्या. माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी बिलिव्हर झाला. दारू सुटली, बायबल रोज वाचायला लागला, माणूस म्हणून खरंच सुधारला. पण गेल्या नोव्हेंबरात त्याने आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावायला नकार दिला. मला म्हणाला, "दादा, आजी आता देवाच्या हातात आहे. आपण मागून काय बदलणार? हे बायबलमध्ये नाही." मावशी काही बोलली नाही, पण घरी येऊन रडली. तिला वाटलं, उद्या मी गेले की हा माझ्यासाठीही मागणार नाही.

त्याला उत्तर आहे, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय. युद्धात पडलेल्यांच्या पापांसाठी तिथे अर्पण आणि प्रार्थना आहे. पण ते पुस्तक त्याच्या बायबलमध्ये नाहीच! आमचं बायबल ७३ पुस्तकांचं, त्याचं ६६. ती सात पुस्तकं रोमने ट्रेंटला घुसडली असं त्याला सांगितलंय. ते खरं नाही, हिप्पो आणि कार्थेजच्या याद्यांतही ती आहेत. ल्यूथरने १५३४ च्या बायबलात ती परिशिष्टात टाकली, १६११ च्या किंग जेम्स बायबलातही वेगळ्या भागात छापलेली होती. पण संत जेरोमसारख्या बायबलच्या जाणकारालाही त्यांच्याबद्दल शंका होती, हेही तितकंच खरं. वचनाने हा वाद मिटणार नाही, कारण वाद नेमका वचनं कोणती यावरच आहे.

म्हणून मी त्याला मोनिकाची गोष्ट सांगितली. ऑगस्टीनला प्रोटेस्टंटही फार मानतात, ल्यूथर तर ऑगस्टीनच्या नावाच्या संघातलाच संन्यासी. या ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली, रोमजवळ ओस्तियाला, परक्या मुलखात मरणाला टेकली. मुलांना म्हणाली, मला कुठेही पुरा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. ऑगस्टीनने ती ठेवली आणि वाचणाऱ्यांनीही ठेवावी अशी विनंती लिहून ठेवली. आजी देवाच्या हातात आहे, मान्यच. तुझा मुलगाही देवाच्याच हातात आहे, तरी त्याला ताप आला की तू गुडघे टेकतोसच ना? देवाला माहीत नसतं म्हणून आपण मागत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासाठी मागितल्यावाचून राहवत नाही, आणि ते मागणं तो आपल्या कामात सामील करून घेतो. आपल्याला एकमेकांचे मधले माणूस व्हायची मुभा त्याने दिलीय, कॅथलिक उत्तर म्हणजे एवढंच.

त्याला पटलं का? नाही. त्याच्या मते मी बायबलबाहेरचं बोलतोय. पण मावशीशी बोलायचं त्याने कबूल केलं आणि बोललाही. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या २ नोव्हेंबरला तो मेणबत्ती लावेल की नाही, माहीत नाही. निदान मावशीबरोबर दफनभूमीत येईन म्हणालाय.

असो, रविवारची मिस्सा सातची आहे आणि आता बारा वाजून गेलेत. प्रोटेस्टंट मित्रांना एवढंच सांगणं, आक्षेप जरूर घ्या, फक्त आम्ही खरोखर जे मानतो त्यावर घ्या. आणि कॅथलिकांनो, उत्तर देण्याआधी समोरच्याच्या आक्षेपात खरं किती आहे ते मोजा आणि तेवढं आधी मोठ्याने कबूल करा. आपल्याकडे त्याची सवय असायला हवी, कन्फेशन आपलंच आहे.